तुरीच्या खोलीतला हुंकार

जऊळक्याच्या स्टेशनात गाडी फार थांबत नाही. वैभवी घाईनं उतरली तेव्हा तिच्या एका खांद्याला लॅपटॉपची बॅग होती, हातात आईच्या गुडघ्यांचं तेल होतं आणि डोक्यात एकच काम होतं. बापाचा शब्दकोश जुन्या घरातून नव्या घरात हलवायचा. घर म्हणजे दगडमातीचं नव्हे हो, वेबसाइटचं. पुण्यात ती पोटापाण्यासाठी हेच करते, लोकांच्या जुनाट वेबसाइटी झाडूनपुसून नव्या करून देते. पाडव्याला नवी साइट सुरू करायची आणि आईला घेऊन पुण्याला परतायचं, असा साधा बेत होता. यात भ्यायचं काय, असं तुम्हाला वाटेल. तिलाही तसंच वाटलं होतं.

तो कोश काय चीज आहे ते आधी सांगतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. वैभवीचे वडील बबनराव हे शाळामास्तर. नोकरी संपल्यावर माणसं शेगावला जातात, नातवंडं खेळवतात. यांना भलताच नाद लागला. वऱ्हाडी बोलीतला एकेक शब्द गोळा करायचा, त्याचा अर्थ लिहायचा आणि तो स्वतःच्या आवाजात बोलून ठेवायचा. त्यांचाच एक जुना विद्यार्थी, वसीम, वाशीमला कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. त्यानं या कोशाची साइट करून दिली. दोघांना वाटलं, गावातली चार माणसं बघतील आणि विसरून जातील. झालं उलटंच. परीक्षेला बसलेली पोरं, मालिका लिहिणारे, परदेशात गेलेले आपले लोक, सगळे त्या साइटवर तुटून पडले. रोज लाखांनी माणसं यायची आणि संध्याकाळ झाली की बिचारी साइट मान टाकायची. शब्दाच्या पुढं एक बारकासा कर्णा काढलेला होता. तो दाबला की बबनराव तो शब्द म्हणून दाखवायचे. बबनरावांना जाऊन दोन वर्षं झाली तरी रोज लाखभर वेळा ते बोलतच होते.

नव्या साइटचा भार उचलायला एक संस्था तयार झाली, पण तिची अट होती की एकही शब्द मुका राहता कामा नये. आणि घोडं तिथंच अडलं होतं. बबनराव शब्द ओळीनं घेत. अ पासून निघाले ते ह पर्यंत पोचले, आणि ह च्या सुरुवातीलाच गेले.

ते बोलायचे कुठं, तर घरामागच्या तुरीच्या खोलीत. पोती रचलेली असली की आवाज घुमत नाही, हे त्यांचं शास्त्र. त्यामुळं तूर घरात आली की रेकॉर्डिंग सुरू, तूर मार्केटात गेली की बंद. दुसरं शास्त्र याहून न्यारं होतं. ते मशीनशी बोलत नसत. "शब्द माणसाले सांगा लागते," म्हणायचे. म्हणून त्यांच्या खुर्चीसमोर त्यांची बायको विजयमाला सूप घेऊन बसायची. ते शब्द म्हणत, ती तूर निवडता निवडता "हं" म्हणायची, मग पुढचा शब्द. गोष्ट सांगणाऱ्याला आपल्याकडं ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो, नाही दिला तर सांगणारा अडून बसतो, तशातलाच हा प्रकार. साइटवर टाकताना वसीम तो हुंकार कापायचा. मध्येच घराजवळच्या रुळांवरून मालगाडी आली तर दोघं चूप राहत आणि गाडी लांब गेली की पुन्हा लागत. त्या दिवसाचे शब्द सरले की बबनराव गुडघ्यावर हात ठेवून उठत आणि म्हणत, "झालं. चल." मग विजयमाला सूप ठेवून, पदर सारखा करून उठेपर्यंत तिथंच उभे राहत. तिला मागं ठेवून तो माणूस कधी चहालासुद्धा गेला नाही.

गेले तेही त्याच खुर्चीत. 'हंडा' म्हणाले, विजयमालानं हुंकार दिला आणि मालगाडी आली. गाडी गेली. विजयमाला तूर निवडत पुढच्या शब्दाची वाट बघत बसली. तिला वाटलं, समोरून दुसरी गाडी येत असेल, यांना आधी ऐकू आली असेल, म्हणून थांबलेत. अशी ती किती वेळ बसली होती ते कुणाला ठाऊक नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही.

वैभवी घरी पोचली तेव्हा ओसरीत कुणी नव्हतं. ती सरळ मागं गेली. तुरीच्या खोलीत पोत्यांना टेकून आई बसली होती, मांडीवर सूप होतं. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर मोबाइल ठेवला होता. आईनं बोट पुढं करून कर्णा दाबला. बबनराव म्हणाले, "सराटा." आई म्हणाली, "हं." खोलीत पोत्यांचा आणि वाळल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास दाटून होता.

"आई, तू अजून रोज इथंच बसतं काय?"

"त्यायनं सांगतलं तं कोनी तं ऐकलं पायजे न."

"रोज लाखभर लोक ऐकते त्यायले."

"ऐकते," आई म्हणाली. "हुंकार कोण देते?"

वैभवी हसली. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. ती आईजवळ बसली, सुपातले दोन खडे वेचले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, "ते ह चे शब्द राह्यले न, ते आता भरून टाकू आपण. पाडव्याच्या आत."

सूप थांबलं.

"ते राहू दे."

"काहून?"

"शब्द हायेत तोवर हे बसेल हायेत," आई खुर्चीकडं न बघता म्हणाली. "सरले का उठतीन. आन् हे एकटे कुठी जात नाईत, तुले ठाऊक हाय. मले चल म्हनतीन... मी त्यायले कधी नाई म्हटलं नाई, वैभू. जमनारच नाई मले." मग तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "मले अजून जायाचं नाई."

वैभवीला भीती वाटली नाही. आईची कीव आली. दोन वर्षं या खोलीत एकटी बसून आईचं असं झालं, असं तिनं मनाशी धरलं. मग यावर उपाय काय, तर काम संपवायचं, खोलीला कुलूप घालायचं आणि आईला इथून उचलून न्यायचं. शिकलेली पोर, तिनं चांगलाच विचार केला. पण आईनं राहू दे म्हटलं होतं, ते तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि तिची चूक झाली ती इथं.

दुसऱ्या दिवसापासून ती वाशीमला वसीमच्या दुकानात बसू लागली. दोघांनी झपाटून काम केलं. जुन्या सर्व्हरवरचे सगळे शब्द नव्यावर नेले, मोबाइलवर नीट दिसतील असे केले, शोध झटकन लागेल असं केलं. शब्द ओळीनं एकामागून एक ऐकायचे असतील तर तशीही सोय वैभवीनं केली. जुन्या आवाजांतली खरखर काढली. त्या खरखरीत सुपात तूर हलल्याचा बारीक आवाज होता, तोही धुऊन निघाला. उरले ह चे शब्द. त्यासाठी तिनं बापाचा सगळा आवाज कॉम्प्युटरला शिकवला. हल्ली होतं ते. आता शब्द लिहून दिला की कॉम्प्युटर बबनरावांच्या आवाजात बोलणार होता.

हे चाललेलं असताना वसीमनं एकदा खुर्ची तिच्याकडं ओढली. वसीम हसतमुख माणूस, पण त्या दिवशी काही हसला नाही.

"ताई, हे पाह्य. जुन्या साइटवर एकच मानूस एकच शब्द घडीघडी दाबून राह्यला. अन् एक नाई, सारेच."

"साइट अडकत असंन."

"साइट अडकत नाई. म्या वळखीच्या दोघातिघायले फोन करून विचारलं. एक बाई म्हने, शब्द ऐकला का असं वाटते, समोरचा मानूस थांबेल हाय... अन् आपलंच काही बोलाचं राह्यलं. म्हनून पुन्यांदा दाबते म्हने."

वैभवीला आईचं बोलणं आठवलं. तरी तिनं ह चे शब्द कॉम्प्युटरला दिले.

दुपारची वेळ होती. बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. गिऱ्हाइकांचा गलका नको म्हणून वसीमनं शटर अर्धं ओढलं. पहिला शब्द आला, 'हळद'. आवाज हुबेहूब बाबांचा, ह वर जरा जोर देऊन म्हणायची सवयसुद्धा तीच. वैभवीचे डोळे भरून आले. 'हाक' आला. 'हाट' आला. वसीम मान पुढं करून ऐकत होता. त्यानं एकदम हात वर केला.

"हे मागं काय वाजून राह्यलं?"

वैभवीनं आवाज वाढवला. शब्द संपत होता, आणि त्याच्या मागं, अगदी बारीक, काहीतरी सरकत होतं. सुपात तूर हलते तेव्हा येतो तो आवाज.

"हे तं आपण काढलं होतं..." ती म्हणाली.

"जुन्यातून काढलं. हे नवं हाय, ताई. हे कधी कोनी बोललंच नाई."

शब्द संपला तरी क्लिप संपली नव्हती. पुढं नुसती शांतता होती. दोघं त्या शांततेकडं कान लावून बसले. रिकामी शांतता वेगळी असते, ही तशी नव्हती. कुणीतरी बोलून थांबलंय आणि आपल्या तोंडाकडं बघतंय, अशी होती. वसीमच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हं."

लगेच पुढचा शब्द लागला. दुकानात पोत्यांचा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला.

वसीम उठला आणि त्यानं शटर पूर्ण वर केलं. रस्त्यावरचा गोंगाट आत शिरला तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

"काकूले विचारलं का तुमी?" त्यानं हळूच विचारलं.

"विचारलं."

"काय म्हने?"

"हो म्हणाली," वैभवी म्हणाली. खोटं बोलताना तिनं स्क्रीनवरची नजर काढली नाही. "यंत्राची काहीतरी गफलत असंन, वसीम. पाडवा आला. संस्थेले काय सांगू?"

"सर होते ते माहे," वसीम म्हणाला. "त्यायच्या हातचा मार खाल्ला म्या. पन माह्याच्यानं आता हे ऐकवत नाई, ताई. राह्यलेलं तुमी घरी न्या."

ती घरी घेऊन आली. पाडव्याच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, ती ओसरीत लॅपटॉप घेऊन बसली. तूर त्याच आठवड्यात मार्केटात गेली होती. मागची खोली झाडून रिकामी झाली होती, एक पोतं राहिलं नव्हतं. ह चे शब्द एकेक करून नव्या साइटवर चढत होते. शेवटचा शब्द होता 'हौस'. तिनं तो चढवला आणि पडद्यावर अक्षरं आली: सर्व शब्दांना आवाज आहे. वैभवीनं पाठ मागं टेकली. बाबा, झालं एकदाचं, असं ती मनात म्हणाली.

मग तिला ऐकू आलं. मागच्या खोलीत बाबा बोलत होते.

'हिंगण.' "हं." 'हुरडा.' "हं."

शब्द ओळीनं ऐकायची सोय तिनंच केलेली, आणि करून बघायला आईच्या मोबाइलवर नवी साइटही तिनंच टाकून दिलेली. आईनं ती लावली होती, आणि जुने शब्द सरून ती नव्या शब्दांवर आली होती. नवे शब्द ऐकून आईनं मोबाइल बंद करायचा, तर ती हुंकार देत होती. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबत नव्हती. त्यांनी सांगितलं तर ऐकायलाच हवं, अशा हट्टानं ती एकेक हुंकार देत होती. वैभवी धावत मागं गेली.

खोलीत अंधारलं होतं. आई भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर रिकामं सूप. समोर खुर्चीवर मोबाइल, त्याचा उजेड छताला लागलेला. आणि वैभवीच्या लक्षात आलं की आवाज घुमत नाहीये. रिकाम्या खोलीत आईचा हुंकार घुमत होता, पण बाबांचा शब्द घुमत नव्हता. चारी बाजूंनी पोती रचलेली असावीत तसा तो जागच्या जागी बसत होता.

"आई, बंद कर ते..."

'हौस,' बाबा म्हणाले.

"हं," आई म्हणाली.

तेवढ्यात मालगाडी आली. खोलीचा दरवाजा थरथरू लागला. डबे संपता संपेनात. आई हात जोडून बसली होती, आणि वैभवीला कळलं की गाडी संपू नये म्हणून आई देवाला विनवतेय. शेवटचा डबा गेला. रुळांचा आवाज लांब लांब गेला. मोबाइलचा पडदा विझलेला होता.

"झालं," बाबा म्हणाले. "चल."

खुर्ची करकरली. बसलेलं माणूस उठताना करकरते तशी.

आईनं सूप बाजूला ठेवलं. पदर सारखा केला. भिंतीला हात लावून ती उठली, आणि गुडघे दुखतात म्हणून रोज कण्हणारी बाई त्या दिवशी कण्हली नाही.

"आई, कुठी चालली..."

"सरक बाजूले, पोरी. ते उभे हायेत." आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय पुढं पडत होते. "मले जायाचं नाई... पन ते उभे हायेत न."

वैभवीनं तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. आईचं अंग गार पडत चाललं होतं. ओरडावं, आईला बाहेर ओढावं, असं सगळं तिच्या मनात आलं, आणि तिला हेही कळलं की त्यानं काही होणार नाही. उभ्या माणसाला आईनं कधी ताटकळत ठेवलं नव्हतं. वैभवीनं एका हातानं आपला मोबाइल काढला, साइट उघडली आणि 'हौस'चा आवाज पुसून टाकला. मग आईला सोडून ती खुर्चीसमोर, आईच्या जागी, खाली बसली. सूप मांडीवर घेतलं.

"बाबा," ती म्हणाली. "अजून एक शब्द राह्यला. बसा."

काही झालं नाही. तुरीचा वास दाटून आला, इतका की श्वास घेता येईना.

"बसा न, बाबा... मी हाय ऐकाले. हं... हं, सांगा."

बऱ्याच वेळानं खुर्ची पुन्हा करकरली. आई दारातच खाली बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

पाडव्याला साइट सुरू झाली. झकास चालते. कितीही माणसं येवोत, आता ती मान टाकत नाही. एक शब्द तेवढा मुका राहिला म्हणून संस्थेनं कटकट केली, वैभवीनं ती ऐकून घेतली. वाचकांनी आपले आवाज पाठवावेत म्हणून नव्या साइटवर एक खिडकी ठेवलेली आहे. तिथं रोज दुपारी 'हौस' शब्दाचा एक आवाज येऊन पडतो. पाठवणाऱ्याचं नाव नसतं. वैभवी तो न ऐकता पुसून टाकते.

आईचं मात्र बरं झालं. जेवू लागली, झोपू लागली. वैशाखात भाऊ न्यायला आला तशी केनवडला माहेरी गेलीसुद्धा, आणि तिकडंच रमली. मागच्या खोलीचं नाव काढेना. वैभवी पुढच्या आठवड्यात पुण्याला जाते म्हणाली होती. तो पुढचा आठवडा काही अजून आलेला नाही. ती लॅपटॉप घेऊन मागच्या खोलीत बसते. रेंज तिथंच बरी येते म्हणते.

परवा दुपारी आईचा फोन आला. वैभवी खोलीतच होती.

"जेवली का?" आईनं विचारलं.

"हं."

"वैनीनं कुरोड्या घातल्या यंदा. तुह्यासाठी ठेवल्या."

"हं."

"मामा म्हने, तुलेबी बलाव इकडं. एकटी काय करते तिथं..."

"हं."

इकडं जऊळक्याला घराजवळून मालगाडी गेली. ती जाईपर्यंत दोघी थांबल्या.

"हं," वैभवी म्हणाली.

आणि जराशानं पुन्हा म्हणाली, "हं."

फोनवर आईचा श्वास ऐकू येत होता. मग आई अगदी हळू बोलली, शेजारी कुणी झोपलेलं असावं आणि ते उठू नये तशी.

"वैभू... तू हुंकार कोणाले देऊन राह्यली? मी तं कवाची चूप हाय."